बिघाड नेमका कधी होतो?

निफाडचा पारा उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात ठळक छापला जातो, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, आणि नाशिकमध्ये गंगापूर रोडला सकाळी फिरणारी मंडळी कानटोप्यांत दिसू लागतात. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचं दुखणं याच दिवसांत वर आलं. चावी फिरवली की इंजिन लगेच चालू व्हायचं, पण आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचं संथ चालणं, धड राहायचं नाही. आरपीएमचा काटा सातशेच्या आसपास डोलायचा, मध्येच एखादा मिस यायचा, पहिल्या गिअरमध्ये निघताना पिकअपला झोल पडायचा आणि डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चिन्ह पेटायचं. कॉलेज रोड येईपर्यंत सगळं निवळलेलं असायचं. पिवळं चिन्ह तेवढं तसंच, पण मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी इतकी शांत उभी राहायची की तिला काही झालंय हे कुणाला सांगून पटलं नसतं.

गाडीला काय होतंय, हे सगळेच विचारतात. आवाज कुठून येतो, हेही विचारतात. माझं म्हणणं असं आहे की या दोन्हींच्या आधी ‘कधी होतं’ हे विचारायला हवं. थंड असताना की गरम झाल्यावर? उभी असताना की चढावर? लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत तर निम्म्याहून जास्त निदान या एका प्रश्नात असतं. आणि तो तपासायला नाशिकइतकं सोयीचं गाव दुसरं सापडायचं नाही. इथे हाडं गोठवणारी सकाळ घराच्या दारात मिळते आणि पूर्ण लोड टाकणारा घाट तासाभरावर.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा कोड आला पी०१७१. म्हणजे मिश्रण फार लीन, बँक एक, म्हणजे सिलिंडरची पहिली रांग. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. तिथल्या मुलाने लगेच सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाकू. असं तिथेच होतं असं नाही. लीनचा कोड दिसला की सेन्सर बदलायचा, हा रिवाज सगळीकडे पडून गेला आहे. सेन्सरचा कोड वेगळा असतो, मिश्रणाचा वेगळा. इथे सेन्सर बातमी देत होता आणि शिक्षाही त्यालाच होणार होती. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या बिचाऱ्या तुकड्याबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे. गाडी घेऊन मी परत आले.

या सेन्सरची गोष्ट खरोखर सुंदर आहे. वाल्टर नर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलेलं समीकरण आम्ही बारावीला शिकवतो. १९२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, ते उष्मारसायनातल्या कामासाठी. पण विद्यार्थ्यांना त्यांचं नाव भेटतं ते या समीकरणातून. दोन बाजूंना एकाच पदार्थाचं प्रमाण वेगवेगळं असेल तर मध्ये किती व्होल्ट तयार होतील, ते हे समीकरण सांगतं. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला सेन्सर म्हणजे झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची टोपी. आतून बाहेरची हवा, बाहेरून जळलेला वायू. ही टोपी तीनशे अंशांच्या पुढे तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. जळलेल्या वायूत ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असेल, म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त असलेलं असेल, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन उरलेला असेल, म्हणजे लीन असेल, तर ०.१. चांगलं इंजिन या दोन टोकांमध्ये सतत झोके घेत असतं.

१९७६ मध्ये बॉशने हा सेन्सर गाड्यांसाठी आणला. नाशिककरांना बॉश अजून मायको म्हणूनच माहीत आहे. सातपूरच्या कारखान्याचं नाव बदलूनही बरीच वर्षं झाली, चौक मात्र मायको सर्कलच राहिला. माझे बाबा तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर डिझेलचे नोझल. केसाहून बारीक भोकांतून डिझेलचा फवारा कसा सुटला पाहिजे, यावर ते अजूनही तासभर बोलू शकतात. त्यामुळे लीन हा आजार आहे, हेच त्यांना आधी मान्य नव्हतं. “अगं, डिझेल कायमच लीन चालतं. हवा हवी तेवढी घे, ताकद किती द्यायची ते डिझेल ठरवतं. त्यात बिघडलं कुठे?”

त्यांचं डिझेलपुरतं बरोबर आहे. डिझेल दाबाच्या उष्णतेने जिथे फवारा असेल तिथे पेटतं. पेट्रोलमध्ये ठिणगी एका जागी पडते आणि ज्योतीला तिथून सगळीकडे पसरत जावं लागतं. त्यासाठी प्रमाण जवळजवळ नेमकं लागतं, शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा. हवा थोडी जास्त झाली तर ज्योत सावकाश पसरते, आणखी जास्त झाली तर अर्ध्यातच विझते. तोच तो मिस. चढावर, लोडमध्ये लीन चाललं तर नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण भलत्या वेळी पेटून आत ठोके पडतात, व्हॉल्व्ह आणि पिस्टन भाजून निघतात. आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नायट्रोजनचे ऑक्साइड मोडायचे असतात, ते काम जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये होतच नाही. गाडी लीन चालली की ॲव्हरेज वाढतं असं काही जण अजून सांगतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत किंचित लीन ठेवून थोडं पेट्रोल वाचायचंही. पण स्वतःच्या मनाने लीन होत चाललेल्या इंजिनाला तो न्याय लावू नये.

एक गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगितली. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो फक्त ऑक्सिजन मोजतो. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगमधून चोरून आलेली हवा असो, प्लग मिस मारल्यामुळे न जळता बाहेर पडलेली असो, की सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरला पडलेल्या भेगेतून शिरलेली असो, त्याला सगळी सारखीच. प्लग खराब असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरपूर असूनही सेन्सर लीनच सांगणार. तो खोटं बोलत नाही, त्याला विचारलेला प्रश्नच तेवढा लहान आहे.

दुसरा मिस्त्री अंबडच्या बाजूला भेटला. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी. त्याने स्कॅनर जोडला, कोड वाचला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, “ताई, कोड कुणी पुसला नाही ना?” नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. कोड पेटतो त्या क्षणी गाडीचा कॉम्प्युटर आजूबाजूची सगळी परिस्थिती टिपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ती नोंदही जाते, आणि बहुतेक ठिकाणी पहिलं काम तेच केलं जातं. आमच्या नोंदीत होतं, कूलंट ४१ अंश, आरपीएम ७२०, वेग शून्य. गाडी पूर्ण तापलेली नव्हती आणि जागेवर उभी होती. बिघाड कधी होतो, याचं उत्तर गाडीने स्वतः लिहून ठेवलं होतं.

त्याच नोंदीत आणखी दोन आकडे होते, फ्युएल ट्रिम. मला वाटतं गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे माहीत असावेत. सेन्सर लीन म्हणाला की कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. त्या क्षणापुरती केलेली भर म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच भर रोज द्यावी लागली तर तो ती लक्षात ठेवतो आणि हिशेबातच धरतो, ती लाँग टर्म. दोन्हींची बेरीज दहा टक्क्यांच्या आत राहिली तर सहसा काळजीचं कारण नसतं. वीस-पंचविसाच्या पुढे गेली की कॉम्प्युटर हात टेकतो आणि दिवा लावतो. म्हणजे दिवा लागला त्या सकाळी बिघाड झाला असं नाही. त्याआधी कितीतरी आठवडे इंजिन जास्तीचं पेट्रोल ओतून ते झाकत होतं आणि आपण मजेत गाडी चालवत होतो.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा छोटा ओबीडी ॲडॉप्टर स्वस्तात मिळतो. तो लावून मी थंडगार सकाळी, सेन्सर तापून बोलू लागल्यावर आकडे पाहिले. आयडलला बेरीज अधिक २८. रेस देऊन आरपीएम अडीच हजारांवर धरलं तर अधिक ९. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडललाही अधिक ११ वर आलेलं.

अडीच हजारांवर आकडा का उतरतो, हे समजून घेण्यात मला सगळ्यात जास्त आनंद झाला. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, इथला हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. मॅनिफोल्डच्या आत त्या वेळी ३० ते ३५. इतक्या फरकाने बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. मध्यम इंजिन आयडलला सेकंदाला अडीच ग्रॅम हवा घेतं असं धरा, आणि फटीतून अर्धा ग्रॅम आली, तर ती मोजलेल्या हवेच्या वीस टक्के झाली. अडीच हजारांवर इंजिन दहा ग्रॅम घेत असेल तर तोच अर्धा ग्रॅम पाच टक्के. फट तेवढीच राहते, तिचा वाटा घटतो. म्हणून आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी, हे हवा चोरीचं लक्षण. याच्या उलट पंप दमला असेल किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल तर आयडलला पुरवठा पुरतो, मागणी वाढली की तुटतो, आणि ट्रिम चढावर वाढत जातो. हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळला असेल तरी जास्त हवेलाच चूक दिसते.

हा हिशेब आमच्या गाडीसारख्या, हवा वजनाने मोजणाऱ्या गाड्यांचा आहे, हे लक्षात ठेवावं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत तसा सेन्सर नसतो. तिथे मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधतात. चोरून आलेल्या हवेने दाबही वाढतो, कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल देतो, आणि गाडी लीन होण्याऐवजी तिचं आयडल चढतं. अशा गाडीत लीनचा कोड आला तर पॅकिंगच्या आधी पेट्रोलकडे बघावं.

पेट्रोलचा पुरवठा निर्दोष आहे याची खात्री करायला कसाऱ्याला गेलो. नाशिककडून जाताना घाट आधी उतरायचा असतो, मग परतताना चढायचा. मी गाडी चालवत होते, फोन बाबांच्या हातात. चष्मा नाकावर सरकवून ते आकडे मोठ्याने वाचत होते आणि मधून मधून पेट्रोल इंजिनांबद्दलची नाराजीही सांगत होते. मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबत नव्हते, कारण पूर्ण दाबला की कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकणं बंद करून मुद्दाम रिच करतो आणि ट्रिमला अर्थ राहत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये एका लयीत, ट्रकांच्या मागे. अधिक ६, अधिक ५, अधिक ६. इगतपुरी आली तरी आकडा हलला नाही. पंप, फिल्टर, इंजेक्टर सगळे सुटले. बाबांनी फोन परत देताना विचारलं, “मग थंडीतच का? फट आहे तर ती गरम झाल्यावर कुठे जाते?”

मिस्त्रीचाही तोच विचार चालला होता. त्याने गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली आणि मला सकाळी सातला बोलावलं. गरम इंजिन त्याला बघायचंच नव्हतं. आधी त्याने सेन्सरची परीक्षा घेतली. इंजिन चालू करून, सेन्सर तापू देऊन एक बारीक व्हॅक्यूम पाइप काढला, व्होल्टेज झटकन ०.१ ला गेलं. पाइप लावून हवेच्या नळीत क्लीनरचा एक इवला फवारा मारला, लगेच ०.९. “सेन्सर ठणठणीत आहे ताई,” तो म्हणाला. नर्न्स्टसाहेबांच्या वतीने मला फार बरं वाटलं.

त्यानंतर त्याने बॉनेटखाली कान नेला. रबराची एक लांब नळी एका टोकाने कानाशी धरून दुसरं टोक तो इंजिनाभोवती फिरवत होता. ब्रेक बूस्टरचा पाइप, इंजिनाच्या पोटातले वायू परत ओढणारी पीसीव्हीची नळी, इंजेक्टरच्या बुडाची ओ-रिंगं, टाकीतली वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह. मॅनिफोल्ड जिथे हेडला, म्हणजे सिलिंडरांच्या वरच्या भागाला, बसतो तिथे तो थांबला. नळी माझ्या कानाला लावली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जशी वाफ सुसू करते तसा आवाज, बारीक, अखंड. बरेच जण अशा वेळी कार्ब क्लीनर मारतात. ते पेट घेणारं असतं, आणि तापलेल्या सायलेन्सरशेजारी मारू नये. याने साध्या पाण्याची फवारणीची बाटली घेतली. सांध्यावर पाणी मारलं, पाण्याने फट क्षणभर बुजली, आवाज बंद झाला, काटा स्थिर, आणि माझ्या फोनवरचा शॉर्ट टर्म ट्रिम खाली उतरला. पाणी ओढलं गेल्यावर पुन्हा सगळं पहिल्यासारखं. दुसऱ्यांदा मारलं, पुन्हा तेच. पुरावा याहून स्वच्छ मिळत नाही.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हातात आलं. पॅकिंग रबराचं होतं. वर्षानुवर्षं तापून, दबून ते चपटं आणि कडक झालेलं. नवीन रबर दाबलं की परत फुगतं, हे नखाने दाबलं तरी दबत नव्हतं. थंडीत ते आकसून आणखी ताठ व्हायचं आणि शेवटच्या सिलिंडरपाशी फट उघडायची. इंजिन तापलं की थोडं मऊ पडून, थोडं फुगून ती बरीचशी मिटायची. उन्हाळ्यात गाडी सुरळीत का होती, तेही यातच आलं.

पुढचं काम त्याने ज्या निगुतीने केलं ते पाहत राहावंसं होतं. पोर्टांमध्ये स्वच्छ फडकी कोंबली, म्हणजे कचरा आत पडणार नाही. हेडचा पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला. पॉलिश पेपरला हात लावला नाही, त्याची कणी इंजिनात गेली तर बेअरिंग खाते. सिलिकॉन लावणार का, असं मी विचारलं, तर त्याने मान हलवली. रबरी पॅकिंगला ते लागत नाही, आणि चुकीच्या सिलिकॉनची वाफ इंजिनातून जाऊन ऑक्सिजन सेन्सरवर पांढरा थर धरते. चांगला सेन्सर अशाने मरतो. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आधी सगळे हलके, मग टॉर्क पाना लावून. पीसीव्हीची नळी वाकवल्यावर तडकली, तीही बदलली. सेन्सरच्या किमतीत अशी पॅकिंगं कितीतरी आली असती.

मग कोड पुसला, शिकलेले ट्रिमही पुसले. नंतरच्या थंड सकाळी आयडल दगडासारखं. कॉम्प्युटर पुन्हा शिकत गेला आणि लाँग टर्म अधिक ५ ला येऊन थांबला. आयडलला ५, अडीच हजारांवर ५, घाटातही ५. बाबांना तो पाचाचा आकडा खुपला. “शून्य का नाही? मायकोत आम्ही असं सोडलं नसतं.”

तो पाच बिघाडाचा नव्हता. बिघाडाचा आकडा परिस्थितीनुसार बदलतो, हा सगळीकडे सारखा होता. आमची गाडी जुन्या पेट्रोलसाठी बनलेली आहे. २०२२ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं, २०२५ पर्यंत २० टक्के. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, वजनाने जवळपास ३५ टक्के. त्यामुळे त्याच्या १ किलोला नऊ किलोच हवा लागते, आणि २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या हिशेबाने चालणारा कॉम्प्युटर तेवढीच हवा घेऊन तेवढंच पेट्रोल देईल तर मिश्रण लीनच होणार. म्हणून तो कायमची थोडी भर घालतो. त्याचं काम तो नीट करतोय. पण त्याच्याकडे वीस-पंचवीस टक्क्यांची जी झाकण्याची ताकद होती, तिचा एक हिस्सा आता रोजच्या पेट्रोलवरच खर्च होतो. पूर्वी जी बारीक फट दिवा न लावता चालून गेली असती ती आता दिवा लावते. इथेनॉलला जुनं रबरही मानवत नाही. जुन्या गाड्या चालवणाऱ्यांनी नळ्या आणि ओ-रिंगं वेळेवर बदलाव्यात, असं मला कळकळीने वाटतं. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि साडेतेराचा हिशेब कागदावर स्वतः मांडून पाहिला. तो जुळल्यावर मग पाचाला मान्यता मिळाली.

अलीकडे सोसायटीतल्या एका काकांच्या गाडीलाही तोच पी०१७१ आला. माझं ऐकून त्यांनी सरळ पॅकिंग मागवायची तयारी केली होती. त्यांना मी आधी विचारलं, “काका, दिवा कधी लागला?” वणीला जाताना, नांदुरीहून गडाच्या चढावर, भर दुपारी. आयडलचा ट्रिम पाहिला तर अधिक ३. त्याच मिस्त्रीने फ्युएल लाइनला प्रेशर गेज लावलं, उभ्या गाडीत तीन बार. गेज काचेला चिकटवून तो काकांना घेऊन चढावर गेला, काटा दोनच्या खाली. पॅकिंगची ऑर्डर रद्द झाली आणि मागची सीट उचलून पंप बदलण्यात आला.